बदलून आणलेलं मशीन

मीठ कमी करा, असं डॉक्टरांनी दौलतरावांना सांगितलं तेव्हा मे महिना चालू होता आणि घरात वर्षाचं मीठ नुकतंच भरून झालं होतं.

वर्षाचं मीठ म्हणजे दुकानातल्या पिशव्या नव्हेत. दौलतरावांच्या पत्नी बकुळाबाई पेणकडच्या, मिठागरातल्या घरातल्या. बाप, आजा, चुलते सगळे आगरात राबलेले. आता मिठागरं नावापुरती उरली होती, पण भाऊ दर उन्हाळ्यात जाड्या मिठाचं एक पोतं बदलापूर गावात बहिणीच्या दारात उतरवून जायचा. दुसऱ्यांचे भाऊ आंबे आणतात. पोत्याबरोबर पावसाळ्याची बेगमी यायची: सुकट, जवळा आणि मीठ भरून वाळवलेले खारे बांगडे. ते बांगडे पत्र्याच्या डब्यात माळ्यावर चढत आणि पुढचे कित्येक महिने दौलतराव जेवायला बसताना आधी माळ्याकडे बघत, मग ताटाकडे.

कुळगावातल्या डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि म्हणाले, "दिवसाला चहाचा एक चमचा मीठ. तोही सपाट. सगळं मिळून."

"सगळं मिळून म्हणजे घराचं?" दौलतरावांनी विचारलं.

"माणशी."

दौलतरावांना जरा बरं वाटलं. पण डॉक्टरांनी लगेच लोणचं, पापड आणि सुकी मासळी बंद केली, आणि दौलतरावांना माणशी या शब्दाचा काही उपयोग उरला नाही.

दौलतराव अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात बॉयलरवर होते. पस्तीसेक वर्षं त्यांनी एकच काम केलं. बॉयलरच्या समोर बसून दाबाच्या काट्याकडे बघणं. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत. "काटा वर गेला तर आधी बॉयलर बघायचा. काट्यावर शंका नंतर. काट्यावर आधी शंका घेणारा मानूस छपरासकट उडतो." त्यांच्या काळात कोणी उडालं नाही. सेवानिवृत्तीच्या समारंभात साहेबांनी ही गोष्ट इंग्रजीतून सांगितली होती.

मुलगा महेश आणि सून स्वप्नाली अंबरनाथला फ्लॅटमध्ये राहत. महेशनं उल्हासनगरहून बीपी मोजायचं मशीन आणलं, कारण उल्हासनगरात सगळं मिळतं आणि घासाघीस करता येते. त्यानं 'बाबा बीपी' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला. रोज सकाळी दौलतरावांनी दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं आणि आकड्याचा फोटो टाकायचा. ग्रुपमध्ये तिघं होते. बकुळाबाई नव्हत्या. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता, आणि बीपी काही त्यांचं नव्हतं.

त्या रविवारी स्वप्नालीनं माळ्यावरचा डबा खाली घेतला. "आई, हे आता घरात नको. मी आमच्या सोसायटीत देऊन टाकते कोणाला तरी."

"मीठ दाराबाहेर काढतात का गो?" बकुळाबाई म्हणाल्या. "सांडलेलं मीठसुद्धा मेल्यावर पापन्यांनी वेचायला लागतं. आनि हे तर आख्खा डबा."

"मग खाणार कोण?"

"मी हाय ना."

प्रश्न इतक्या सहज सुटला की सगळ्यांनाच हायसं वाटलं. लोणच्याची बरणी, पापड, बांगडे, सगळं दौलतरावांच्या ताटातून उठलं आणि बकुळाबाईंच्या ताटात गेलं. त्या पूर्वीपासून नवऱ्याच्या मागून जेवत. आता त्या मागच्या पडवीत बसून जेवू लागल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर नको म्हणून. वास मात्र पुढे यायचा. दौलतराव अळणी दुधीभोपळा चावत त्या वासाची तांदळाच्या भाकरीशी जोडी लावत.

"काय गो, आज बांगडा?"

"नाय. जवला." मग जरा थांबून, "गार पडला तुमचा भोपला. खावा."

दौलतरावांनी खाल्ला. पण माणूस अळणी जेवणावर फिरायला जाऊ शकत नाही. संध्याकाळी ते बदलापूर गावातून चालत निघत आणि नाक्यावरच्या फरसाणाच्या दुकानाशी थांबत. शेव, खारे शेंगदाणे, कधी एक वडापाव. हे मीठ आहे असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. मीठ म्हणजे बरणीतलं. शेव तिखट असते.

त्यामुळे सकाळी मशीन एकशे अठ्ठावन्न दाखवायचं, कधी एकशे बासष्ट. ग्रुपवर महेश लिहायचा, 'बाबा????' स्वप्नाली रडक्या चेहऱ्याचं चित्र टाकायची. एकदा डोक्याला फडकं बांधून भाकऱ्या थापणाऱ्या आईला महेशनं फोनवर झापलं. "आई, तू नक्की त्यांना मीठ घालत नाहीस ना?"

"अरे पोरा, माज्या हातानं मी मीठ चुकवते, मनाच गोड लागत नाय."

"तुझं डोकं दुखतंय का? आवाज असा काय?"

"ते उनाचं. तुज्या बाबांचं बघ तू."

महेशनं बाबांचं बघितलं. त्यानं एक सौदा केला. महिनाभर रोजचा आकडा एकशे चाळीसच्या खाली राहिला, तर एका रविवारी एक खारा बांगडा. एकच. डॉक्टरांना सांगायचं नाही.

दौलतरावांनी हा सौदा फार मनावर घेतला. चार दिवस त्यांनी भाकरीबरोबर नुसतं ताक घेतलं. आकडा एकशे चव्वेचाळीसवर आला आणि तिथंच बसला. पाचव्या दिवशी सकाळी ते पट्टा हातात घेऊन बराच वेळ बसले. समोर बकुळाबाई चहा गाळत होत्या. या बाईनं आयुष्यात डोकेदुखीच्या गोळीपलीकडे औषध घेतलं नव्हतं. दोन बाळंतपणं घरी, एक हर्निया नवऱ्याचा, दोन्हींतून ती सारखीच सावरली होती.

"इकडं ये गो. हात दे."

"कशाला?"

"दे तर."

बकुळाबाईंनी पदराला हात पुसला. हिरव्या बांगड्या मनगटाकडे ओढल्या. पट्टा दंडावर बसेना, त्याची चिकटपट्टी सुटायला आली होती. त्यांनीच सुईत हिरवा दोरा ओवून ती चार टाके घालून घट्ट केली आणि मग हात पुढे केला. "कुनाला फसवताव?" त्या हसून म्हणाल्या. "पोराला?"

"बांगड्यासाठी. गप बस, बोललीस की वाढतं."

पट्टा फुगला, घरघरला, सैल झाला. दौलतरावांचा चष्मा कपाटावर होता. त्यांनी फोन मशीनवर धरला, फोटो काढला आणि 'गुड मॉर्निंग' लिहून पाठवून दिला. मग उठून चष्मा लावला.

एकशे शहाण्णव. खाली एकशे बारा.

"किती?" बकुळाबाईंनी विचारलं.

"शंभर शहाण्णव."

"बगा. तुमच्यापेक्षा जास्त मार्क पडले मना."

तेवढ्यात फोन वाजला. महेश ऑफिसच्या जिन्यातून ओरडत होता. बाबा झोपून राहा, हलू नका, आम्ही निघालो. दौलतरावांना खरं सांगायला एक क्षण मिळाला होता. त्या क्षणात त्यांना मुलाचा आवाज ऐकू आला, सुनेचा चेहरा दिसला, माळ्यावरचा डबा दिसला. ते म्हणाले, "मना काय नाय झालं. मशीन बिघडलंय."

महेश आलाच. रिक्षात घालून त्यानं बाबांना कुळगावला नेलं. डॉक्टरांनी आपल्या मशीननं मोजलं. एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टर म्हणाले, अशी मशिनं येतात बाजारात, विश्वास ठेवू नका. आता निकालच लागला. सुशिक्षित मुलगा, एमबीबीएस डॉक्टर आणि बॉयलरचा जुना जाणकार, तिघांचंही एकमत झालं. उल्हासनगरचा माल म्हटल्यावर तर चौथ्या साक्षीदाराची गरजच नव्हती.

बकुळाबाईंना काही कोणी विचारलं नाही. त्यांनी काही सांगितलंही नाही. नवरा पोरापुढे खोटा पडला असता.

मशीन बदलायला दौलतराव गेले, आणि बकुळाबाईंना पेणच्या भावाच्या नातीच्या परकराला कापड घ्यायचं होतं म्हणून त्याही गेल्या. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधलं दुकान. बाहेर चाकाच्या खुर्च्या, आत गुडघ्याचे पट्टे, आणि काउंटरमागे धर्मेशशेठ, पाठीला एक पट्टा स्वतः बांधून.

"मशीन खराब आहे," दौलतराव म्हणाले. "घरी एकशे शहाण्णव दाखवतं."

"बैठो साईं." शेठनी तोच पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. एकशे सेहेचाळीस. मग आपल्या दंडाला बांधला. एकशे बत्तीस. मग शेजारच्या कापडवाल्याला हाक मारून त्याच्या दंडाला बांधला. एकशे वीस. "देखो. तीन आदमी, तीनों बराबर. मशीन झूठ नहीं बोलती. घर में किसको लगाया था?"

दौलतराव बाहेरच्या चाकाच्या खुर्च्यांकडे बघू लागले.

शेठनी त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बकुळाबाईंकडे बघितलं. कापडाची पिशवी छातीशी धरून त्या पंख्याखाली उभ्या होत्या. कपाळावर फडकं नव्हतं, पण त्याचा वळ होता.

"माताजी को लगाया था?"

"मना कशाला?" बकुळाबाई म्हणाल्या. "मी काय आजारी हाय?"

"फिर भी. बैठो माताजी. एक मिनिट का काम है. पैसा नहीं लेता."

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. बकुळाबाई बसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. लग्नापासून त्या कुठेही बसायच्या आधी असंच बघत, लग्नाच्या पंगतीत, बँकेत, दवाखान्यात. दौलतरावांनी फक्त मान हलवायची असे.

दौलतरावांच्या मनात हिशोब चालू होता. ती बसली आणि पुन्हा तसाच आकडा आला, तर मशीन चांगलं ठरणार. मशीन चांगलं ठरलं की ते बदलून मिळणार नाही. मशीन बदललं नाही की महेश विचारणार, मग ते शहाण्णव कोणाचं?

"तिला काय झालंय," ते म्हणाले. "चल गो, उशीर होतो."

शेठनी खांदे उडवले आणि कुरकुर करत दुसरं मशीन काढून दिलं. "आप का मन नहीं मानता तो ले जाओ. लेकिन खराब माल मैं बेचता नहीं."

परतीच्या वाटेवर दौलतरावांनी बकुळाबाईंना उसाचा रस पाजला. त्यांनी तो मीठ-लिंबू घालून घेतला.

नवं मशीन घरी आलं. बकुळाबाईंच्या दंडाला ते कधी लावलं गेलं नाही. उगाच दुसरंही बिघडायला नको.

युक्ती संपल्यामुळे दौलतरावांपुढे प्रामाणिकपणा हा एकच मार्ग उरला. योगायोगानं त्याच सुमाराला स्वप्नालीनं शेवेच्या पाकिटामागची बारीक अक्षरं त्यांना वाचून दाखवली. "बाबा, यात तुमचं दिवसभराचं मीठ आहे." दौलतरावांनी चष्मा लावून ती अक्षरं स्वतः पुन्हा वाचली. मग त्यांनी नाक्याचा रस्ता सोडला आणि हेंद्रेपाड्याच्या बाजूला फिरायला जाऊ लागले, जिकडे त्यांना भुलवील असं दुकान नव्हतं. आकडा उतरायला लागला. एकशे अडतीस. एकशे चौतीस. ग्रुपवर टाळ्या पडू लागल्या. डॉक्टर म्हणाले, बघा, नुसत्या मिठानं किती फरक पडतो. आणि ते खरं होतं.

महिना पूर्ण झाला तो नेमका श्रावणात. श्रावणात मासळी नाही. श्रावणामागून गणपती. दौलतरावांनी कुरकुर न करता वाट बघितली. मधल्या दिवसांत बकुळाबाईंनी लोणचं आणि पापड संपवत आणले. टाकून द्यायचे नव्हते ना. एकदा आरतीच्या ताटाला हात लावताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. "उपासाचं हाय," त्या म्हणाल्या, आणि घरात उपवास असल्यामुळे ते सगळ्यांना पटलं.

अनंत चतुर्दशी झाली. रविवार आला. महेश आणि स्वप्नाली सकाळीच आले. सौदा त्यांच्या समक्ष पुरा व्हायचा होता. बकुळाबाईंनी माळ्यावरचा डबा उतरवला. तळाशी दोनच बांगडे उरले होते. त्यातला मोठा त्यांनी बाजूला काढला, मीठ झटकलं, पाण्यात भिजवला, पाणी बदललं, पुन्हा भिजवला. "होईल तेवडं मीठ काढते," त्या सुनेला म्हणाल्या. "घाबरू नको."

"आई, तुम्ही बसा, मी भाजते."

"तुला नाय जमायचं. करपवशील."

दौलतराव ओटीवर पाटावर बसले. समोर ताट. ताटात तांदळाची भाकरी, कांद्याची फोड. आतून वास आला. इतक्या महिन्यांनी तो वास त्यांच्यासाठी येत होता. त्यांनी डोळे मिटले.

"झाला का गो?"

त्यांनी भाकरीला बोट लावून बघितलं.

"भाकरी थंड होते बघ."

वास बदलला. करपलेला, कडू. दौलतरावांना हसू आलं. "आता कोन करपवतंय?" ते मोठ्यानं म्हणाले. त्याच वेळी आत स्वप्नालीनं किंकाळी फोडली.

बकुळाबाई चुलीच्या कडेला पडल्या होत्या. एका हातात चिमटा होता. तव्यावर बांगडा काळा झाला होता.

हॉस्पिटलात सांगितलं की मेंदूत रक्तस्राव झाला आहे. तरुण डॉक्टरीणबाई कागद भरून घेत होत्या. "यांना बीपीचा त्रास कधीपासून?"

"आईला नाही," महेश म्हणाला. "बीपी बाबांना आहे. आईला कधीच काही नव्हतं."

"कधी मोजलं होतं का?"

"नाही."

दौलतराव बाकावर बसले होते. त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरीणबाई तोवर पुढच्या प्रश्नाकडे गेल्या होत्या: मधुमेह?

दोन दिवसांनी बकुळाबाई गेल्या. शुद्धीवर आल्याच नाहीत. माणसं आली, माणसं म्हणाली की भाग्याची बाई, सवाष्ण गेली, नवऱ्याची सेवा करता करता गेली. पेणहून भाऊ आला. रिकाम्या हातानं दारात उभं राहायची सवय नसल्यासारखा तो बराच वेळ दारातच उभा राहिला.

तेरावं झालं. दुपारी पाहुणे पांगल्यावर घरात तिघंच उरले. दौलतराव म्हणाले, "महेश, ते एकशे शहाण्णव तुज्या आईचं व्हतं."

"कुठलं?"

"जवा मशीन बिघडलं व्हतं. तो हात तिचा व्हता."

महेशनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "बाबा, ते मशीन खराब होतं. आपण बदललं ना? डॉक्टरांनी पण चेक केलं."

"डाक्टरांनी मना चेक केलं."

"मनाला लावून घेऊ नका हो बाबा," स्वप्नाली रडत म्हणाली. "तुम्ही काय कराल त्याला? मशीनच तसं होतं."

ते दोघं त्यांना सोडवत होते आणि दौलतरावांना सुटता येत नव्हतं. "मशीन बरं व्हतं रे," ते म्हणाले. "मी बांगड्यासाठी केलं."

महेशनं फोन काढला. 'बाबा बीपी' उघडलं आणि अंगठ्यानं मागे मागे जात राहिला, टाळ्या, चौतीस, अडतीस, बावन्न. मग थांबला. फोटोत मशीन होतं, आकडे होते, खाली 'गुड मॉर्निंग' होतं. आणि वरच्या कोपऱ्यात, अर्ध्या कापलेल्या, तीन हिरव्या बांगड्या.

तो फोटो त्या दिवशी महेशनं पाहिला होता, स्वप्नालीनं पाहिला होता, आणि दवाखान्यात शिरता शिरता डॉक्टरांनाही दाखवला होता.

महेशनं फोन पालथा ठेवला. "मशीन खराब होतं," तो म्हणाला. हे बाबांकडे न बघताच. मग उठून पडवीत गेला आणि बकुळाबाई जेवायला बसायच्या तिथे जाऊन बसला.

पुढच्या आठवड्यात दौलतराव कोणाला न सांगता उल्हासनगरला गेले. दुकानाबाहेर त्याच चाकाच्या खुर्च्या होत्या. धर्मेशशेठनी त्यांना लगेच ओळखलं आणि कपाळाला आठी घातली. "अब क्या हुआ साईं? ये भी खराब?"

"नाय. ते पहिलं मशीन. ते कुनाला दिलं?"

"किसको दूँगा? आप का वापस किया हुआ पीस." शेठनी काउंटरखालून मशीन काढून वर ठेवलं. "मैं खुद वापरता हूँ. रोज सुबह. एकदम करेक्ट."

पट्ट्याच्या कडेला हिरव्या दोऱ्याचे चार टाके होते.

"बरोबर व्हतं ते," दौलतराव म्हणाले. "तेच सांगायला आलो."

शेठचा चेहरा उजळला. "बोला था ना!" त्यांनी शेजारच्या दुकानात हाक मारली. "अरे सुनो, कस्टमर सामने से आके बोल रहा है, मशीन बराबर था! इतने साल धंदा किया, ऐसा कोई नहीं आया." कापडवाला बाहेर येऊन हसला. शेठनी चहा मागवला. "लोग बोलते हैं उल्हासनगर का माल, उल्हासनगर का माल. बैठो साईं, बैठो. माताजी नहीं आई?"

"नाय," दौलतराव म्हणाले.

माणूस इतका खूश होता की त्याला पुढचं सांगणं त्यांना जमलं नाही. ते स्टुलावर बसले. त्या दिवशी बकुळाबाईंपुढे सरकवलं होतं त्याच स्टुलावर. शेठनी आनंदानं पट्टा उचलून त्यांच्या दंडाला गुंडाळला आणि बटण दाबलं. हिरवा दोरा दंडावर आवळत गेला.

"एकसौ छब्बीस. नीचे अस्सी." शेठनी मशीन त्यांच्याकडे फिरवलं. "जवान आदमी का बीपी है. क्या खाते हो?"

"अळणी," दौलतराव म्हणाले.

चहा आला. पट्टा केव्हाच सैल झाला होता. शेठनी तो सोडायला हात पुढे केला, तेव्हा दौलतरावांनी दुसरा हात त्यावर ठेवला.

"राहू द्या जरा," ते म्हणाले.